गाणारी : गावातील एक म्हातारी

जळगाव, ६ ऑगस्ट २०२४

ती. मायच्या पायांवर डोकं ठेवून,

दीड महिना पत्र लिहिलं नाही, माफ कर. मी बरा आहे, खानावळीतलं जेवण चांगलं आहे. तुझा गुडघा कसा आहे? सुनिता वहिनीला म्हणावं, हे सावकाश वाचून दाखव.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी जुन्या हस्तलिखितांची यादी करतोय. दालनात काचेच्या कपाटांत पोथ्या आणि नकाशे मांडलेत. काल त्यांच्यात माझी वही दिसली. कॉलेजात असताना तुझी कानबाईच्या सणाची गाणी आमच्या सरांसाठी उतरवली होती, तीच. सरांचे सगळे कागद आता इथे आलेत.

पहिल्या पानावर माझंच अक्षर : ‘गाणारी : गावातील एक म्हातारी.’

तू तेव्हा बेचाळीसची होतीस. आज मी शेहेचाळीसचा आहे. कानबाईच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू निवडता निवडता तू विचारलं होतंस, “भाऊ, मन्हं नाव लिखं ना?” मी म्हणालो, “लिखं वं माय.” लिहिलं नव्हतं. ईश्वरची आई अशी बोलते म्हणून वर्गातली पोरं हसतील, याची लाज वाटली.

काल एका विद्यार्थिनीने विचारलं, “सर, कोण हो ही म्हातारी? काय सुंदर गाणी आहेत!” कालही मी गप्पच राहिलो.

हे तुला वहिनीच्या तोंडून ऐकावं लागतंय. रविवारी रोटाला येतो, तेव्हा हवं तेवढं बोल.

तुझा
ईश्वर

उद्याचं काम : ग्रंथपालांना लेखी देणे. गाणारी शेवंताबाई लोटन पाटील, वय बेचाळीस, लिहिणाऱ्याची आई.