ताऱ्यांचे थवे आणि टोपलीभर संत्री

पांढुर्णा, ९ ऑक्टोबर १९५६

ती. मुकुंदमामांच्या पायांशी मोरेश्वरचं डोकं. मामीच्या गुडघ्याला आता उतार पडला असेल. इकडे आई बरी आहे. माझं विचारू नका.

मामा, रविवारी सौंसरला भगवंतरावांकडे गेलो होतो, त्यांच्या उर्मिलेला मागणी घालायला. (एकटाच. बाबा असते तर मला बोलूच दिलं नसतं.) सोबत आपल्या बागेतल्या संत्र्यांची टोपली. भगवंतरावांना भोपाळच्या कचेरीत बदलीचा हुकूम आहे. एक नोव्हेंबरला तुमचं नागपूर मुंबई राज्यात जाणार, आम्ही मध्यप्रदेशातच, आणि त्याआधी ते बिऱ्हाड हलवणार. म्हणजे माझ्या हाती तीन आठवडे. त्यांनी विचारलं, "कॉलेजात काय शिकले?" प्रोफेसरांशी भांडून बी.एस्सी. अर्धी सोडली हे कसं सांगणार? (चूक त्यांचीच होती.) म्हणून शेवटचा ऐकलेला धडा सांगितला : आभाळात कोवळ्या ताऱ्यांचे थवे असतात, एकाच जागी जन्मलेले. थवा एवढा मोठा की प्रकाशालाही आरपार जायला दोन-तीनशे वर्षं लागतात. वय मात्र पन्नास लाख, फार तर एक कोटी वर्षं, म्हणजे सूर्यापुढे पाळण्यातली पोरं. आणि जन्मल्यापासून ते पांगतच असतात. भगवंतरावांच्या चेहऱ्यावर काहीच उमटेना, तसं माझं डोकं फिरलं आणि मी टोपली ओसरीवर उपडी केली. एक संत्रं त्यांच्या जोड्यात, दोन तुळशीपाशी, बाकीची अंगणात बैलापुढे. त्यानं लगेच खायला सुरुवात केली. मी समजावलं, कोण किती लांब गेलं ते मोजा, वेगाला अंतरानं भागा, टोपली केव्हा सांडली ते निघतं. ताऱ्यांचं वयही असंच.

जोड्यातलं संत्रं काढत ते म्हणाले, "बरं बापू, कॉलेज सोडून तुमाले आठ महिने झाले. नागपूरहून निघाले ते अजून पांढुर्ण्यातच बसून राहिले. आता तुमचा वेग काढा."

दाराआड कोणी तरी हसलं. मामा, ती उर्मिलाच होती. तेव्हापासून घास उतरत नाही.

तुमचा,
मोरेश्वर

ता. क. निघताना भगवंतराव म्हणाले, पोरगा पुन्हा कॉलेजात बसला तर विचार करू. तेव्हा तुम्ही प्रोफेसरांना भेटून माझ्या वतीनं माफी मागा. एक तारखेच्या आत; मग परराज्यातला म्हणून घेतलं नाही तर?

ता. क. दुसरा. आत्ताच सौंसरच्या मोटारीनं टोपली परत आली. आत उर्मिलेची चिठ्ठी : 'भागाकार उलटा सांगितला. अंतराला वेगानं भागायचं असते. बाबा कचेरीत सगळ्यांले ताऱ्यांचं सांगून राहिले, तेही उलटंच. एक संत्रं मी ठेवून घेतलं.' मामा, प्रोफेसरांशी माझं भांडण याच भागाकारावरून झालं होतं. माफी जरा जास्त मागा.