सरळ उतर

दि. ९, सोमवार, सकाळ

प्रिय ताई,

नमस्कार. फोन सोडून पत्र आलं म्हटल्यावर तू आधी शेवटचं पान बघशील, म्हणून वरच सांगून टाकतो: तब्येत ठणठणीत आहे. विमानातल्या पट्ट्याचा खांद्यावरचा वळ गेला. जेवतो, झोपतो. भावजींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, लिफ्ट असताना जिने चढायची हौस आता पुरे. भाची पास झाल्याचं कळलं. आता घरात हुकूम सोडणाऱ्या दोघी झाल्या.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस. रागावू नकोस, पण देत नाहीस. गेल्या आठवड्यात दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा तू म्हणालीस, "जाऊ दे रे, जीव वाचला ना!"

अपघाताच्या चौकशी समितीनं तुला एकच गोष्ट विचारली आहे: आई गेल्याचा फोन तू मला किती वाजता केलास. दुपारी बारा, असं कळव म्हणून मी सांगितलं, आणि तू का म्हणूनसुद्धा विचारलं नाहीस. गुरुवारी समिती बसेल. आई गेली त्या दिवशी माझ्यासमोर परीक्षा देणाऱ्या मुलीला पुन्हा विमान चालवू द्यायचं की नाही, ते तिथे ठरणार आहे. ताई, बारा लिहू नकोस. सात लिही.

तुझा फोन आला तेव्हा मी बूट घालत होतो. "लगेच निघतो," म्हणालो आणि निघालो, पण विमानतळावर. का, ते अजूनही धड सांगता येत नाही. मुलगी तीन महिने तारखेसाठी खोळंबली होती, तासाभराचं काम होतं, हे सगळं खरं आहे, पण कारण ते नव्हे. फोन ठेवल्यावर मला काही वाटलंच नाही. रडू नाही, हातपाय गळाले नाहीत, काही नाही. चहा केला, प्यायलो, कप विसळला. म्हटलं, काही वाटत नाही म्हणजे आपण ठीक आहोत. मन थाऱ्यावर नसेल तर परीक्षकानं उडू नये असा नियम आहे आमच्यात. फॉर्मवर त्यासाठी रकाना आहे. त्यात मी सही केली.

मुलीला सगळे चिमणी म्हणतात. एवढीशी आहे, खाली दोन उशा घेऊन बसते तेव्हा कुठे तिला समोरचं दिसतं. पण हात पक्का. उड्डाण सुरेख केलं. वर गेल्यावर विमान अगदी हळू चालवून दाखवायचं असतं. आमच्या या विमानाची चाकं पोटात जातात. चाकं आत असताना वेग फार उतरला की भोंगा ओरडतो, आणि असा ओरडतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. म्हणून मी त्याचा फ्यूज बाहेर ओढून ठेवतो आणि प्रकार संपला की परत दाबतो. वीस वर्षं असंच करतो. त्या दिवशी दाबला नाही. मी घड्याळ बघत होतो. साडेनऊला उतरलो, दहाला गाडीत बसलो, तर दोनला तुझ्याकडे. तुम्ही चारला आईला घेऊन निघणार होतात.

ती नेहमीसारखी धावपट्टीला वळसा घालून यायला निघाली. मी म्हणालो, "फेरी नको. सरळ उतर."

"सर, परीक्षेत फेरी घ्यायची असते ना?"

"मी सांगतोय ना? उतर."

त्या फेरीत, धावपट्टी डाव्या हाताला आली की ती मोठ्यानं "चाकं खाली" म्हणते आणि दांड्याला हात लावते. मीच तसं शिकवलंय सगळ्यांना. ती जागा त्या दिवशी आलीच नाही. चाकं खाली असली की तीन हिरवे दिवे लागतात. ते तिनं बघितले नाहीत, मीही बघितले नाहीत. तिची चूक तेवढी आहे, आणि ती तिनं पहिल्याच दिवशी कबूल केली.

विमान पोटावर घसरत गेलं आणि थांबलं. तिनं इंधन बंद केलं, दार उघडलं, खाली उतरून दार धरून उभी राहिली. "सर, या ना बाहेर! सर!" आणि ताई, मी आत बसून अंगठ्यानं तो फ्यूज दाबला. मगच उतरलो.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकनं तपासलं तर भोंगा खणखणीत वाजला. ती म्हणते, वाजला नव्हता. मी लिहून दिलं, "वाजत असावा, गडबडीत माझं लक्ष नव्हतं." म्हणजे मुलगी एक तर खोटारडी, नाही तर घाबरली की तिला काही ऐकू येत नाही. अशीला विमान कोण देणार? हे सगळं मी पाहत होतो, आणि तरीही आत काही हलत नव्हतं. शांतपणे तुला फोन करून बारा कळव म्हणून सांगितलं.

काल तिच्या घरी गेलो. का गेलो, विचारू नकोस. बसायच्या आत तिनं माझ्यापुढे एक कागद ठेवला. कानाच्या डॉक्टरांचा होता. "सर, दोन्ही कान चांगले आहेत म्हणतात. मग मला ऐकू का नाही आलं? आता डोकं तपासायला सांगतायत."

मी म्हणालो, "वाजलाच नव्हता. मी बंद केला होता. नंतर चालू केला."

मला वाटलं, आता ओरडेल. ओरडायलाच हवं होतं. पण ती तशीच वळली आणि आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाली, "आई! आई गं, वाजलाच नव्हता!"

आतून तिची आई हात पुसत धावत आली. कसाबसा जिन्यापर्यंत आलो आणि दुसऱ्या पायरीवर बसलो. तोंडावर रुमाल दाबून बसलो होतो, तरी वरच्या मजल्यावरचं माणूस दार उघडून बघायला आलं. ताई, आपली आई गेली. बावीस दिवस झाले, मला काल कळलं.

आज समितीला सगळं लिहून दिलं. माझा परवाना जाईल, तो जाऊ दे. गुरुवारी त्यांच्यासमोर बोलून झालं की गाडी काढतो. रात्रीपर्यंत पोचेन. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव.

आईला पोचवायला न आलेला,
तुझा धाकटा भाऊ