बाहीवरचं सुरूचं झाड

यम्मा, माझ्या आई, तुझ्या दोन्ही हातांना मुका.

आम्ही जिवंत आहोत, हे आधी वाच. मंगळवारी निर्वासितांच्या छावणीत गोळीबार चालू असताना दोन लुटारू घरात घुसले. तुझ्या आजीचा लग्नातला कशिद्याचा झगा भिंतीवरून ओढायला लागले. तुझ्या सुनेने, रुदैनाने, बाही सोडलीच नाही. एकाने तिच्या उजव्या हातावर सुरा ओढला. मी त्याच्या तोंडावर इस्त्री हाणली. दात पडले त्याचे, आणि दोघेही पळाले. मी, यम्मा! पाहुण्यांना साधा चहासुद्धा स्वतः उठून न देणारा मी!

दवाखान्याचा रस्ता बंद होता. रेशमाचा दोरा उकळून मीच तिचा हात शिवला. माझी बायको तुला माहितीय, रक्त वाहतंय तरी शिकवतेय. "जुन्या बायकांसारखं शिव! मागची बाजूही साफ हवी."

"मागची बाजू तुझ्या हाताच्या आत आहे, बये!"

ती हसली आणि बेशुद्ध पडली.

आता ताप उतरलाय. अंगठा मात्र हलत नाही. तिच्या आईला सांगू नकोस. रुदैना म्हणते, "मी टाके सांगते, तू शिव." म्हणून फाटलेली बाही मी शिवतोय.

तुझे गुडघे कसे आहेत? आणि त्या बाहीवरचं सुरूचं झाड कुठल्या रंगाचं होतं गं? रक्तामुळे आता कळत नाही.

तुझ्या दुव्यावर जगणारा,
सुहैब