भुंड्या करमाडला गेला

दादा,

चौथीपतूर शिकले, तसं लिहिते. आपला भुंड्या मेंढा आता कळपात नाय.

करमाडच्या शिवारातून ते पिलू तूच आणलंस, अन् आपल्या कळपाची खूण म्हणून त्याचा कान कापलास. मी त्याला बाटलीनं दूध पाजलं. माझी शाळा सुटली, तू पुण्याला गेलास, मग बोलायला तोच उरला होता.

परवा करमाडची पुतळाबाई आली. भुंड्याचं तोंड बघून म्हणली, "हा माझ्या मेंढीचा." आबांनी कानाची खूण दाखवली. जमलेली माणसं आबांकडूनच बोलली. तवा ती म्हणली, "पोरीनं बिरोबाचा भंडारा उचलून सांगावं, हा मेंढा तुमचाच म्हणून. मी गप निघून जाते."

आबांनी मला डोळ्यानं खुणावलं. मी भंडारा उचलला. हात पिवळा झाला अन् खोटं बोलवंना. "मावशी, तुमचाच हाय," म्हणले.

आबा म्हणले, "कधी तोंड उघडत नाय, अन् आजच वाचा फुटली व्हय?"

भुंड्या दोरीनं हालंना. मी सडकेपतूर पुढं चालले, तवा आला. पुतळाबाई म्हणली, "येत जा त्याला बघायला." मी जाणार नाय. माझ्या मागं निघाला तर काय करू?

कान कुणी कापला ते सांगितलं नाय. भंडारा हातात असताना तेवढं कुणी इचारलंच नाय. इचारलं असतं तर तुझं नाव घेतलं असतं, दादा.

पत्र धाडायला तुझा पत्ता पायजे. तो आबांकडं हाय, अन् आबा अजून माझ्याशी बोलत नायत.

तुझी,
बाना