बॉनेटवरचं स्वस्तिक

अहो,

शिफ्टवरून आल्यावर पार्किंगमध्ये गाडी दिसली नाही म्हणून वॉचमनवर ओरडू नका. गाडी मी नेली आहे. आईंना सांगवीला त्यांच्या बहिणीकडे घेऊन चालले आहे.

दसऱ्याला गाडीची पूजा करताना आईंनी ओल्या कुंकवाचं बोट पुढे केलं आणि तुम्ही सगळ्या सोसायटीसमोर त्यांचा हात धरलात. का, तर रंगावरचं सिरॅमिक कोटिंग खराब होईल! तेव्हापासून त्या या गाडीत बसलेल्या नाहीत. गुडघे दुखत असले तरी बसने जातात. तुमच्या ते लक्षातही आलं नाही.

चाकणच्या गाड्यांच्या कारखान्यात, पेंट शॉपमध्ये मी सहा वर्षं काढली आहेत. कोटिंग खरंच चांगलं असेल, तर कुंकवाचा डाग त्यावर बसत नाही. म्हणून आज आईंच्या हातून बॉनेटवर भलंमोठं स्वस्तिक काढून घेतलं. त्या नको नको म्हणत होत्या, मी ऐकलं नाही.

संध्याकाळी येऊ, तेव्हा ओलं फडकं घेऊन खाली या. कुंकू निघालं, तर त्यांचा हात उगाच धरलात. नाही निघालं, तर असल्या कोटिंगसाठी धरलात. माफी दोन्हीकडून आईंचीच मागायची आहे.

स्वप्नाली