चोवीस नाकांची मापं

प्रिय पोरी,

पत्र बघून घाबरू नकोस. घरी सगळे ठणठणीत आहेत. तुझी आई तर इतकी ठणठणीत आहे की सकाळपासून दोनदा माझ्यावर ओरडून झालंय. रोज फोन होत असताना हा माणूस चार पानं काय खरडत बसलाय, असं तुला वाटेल. कारण आहे. पण ते मी माझ्या पद्धतीने सांगणार. आधी कापड नीट पसरायचं, मग कात्री लावायची. शेवटचं पान आधी वाचू नकोस, लहानपणापासूनची तुझी ती खोड मला माहीत आहे.

परवा फोनवर तू विचारलंस, टिल्ली माझ्यावर रुसलीय का हो बाबा? महिन्याच्या वर झालं, व्हिडिओवर येते ती मास्क लावूनच येते, दोन शब्द बोलते आणि पळते. मी काहीतरी तिसरंच बोललो, तुमच्याकडे हवा कशी आहे वगैरे. तू म्हणालीस की मोठ्या सिस्टरनी कोविडच्या वॉर्डात आणखी तीन महिने राहशील का म्हणून विचारलंय, सोमवारी कळवायचंय आणि तू हो म्हणणार आहेस. लेक तोंडसुद्धा दाखवत नाही, तर घरी येऊन करू काय, असं वर हसत म्हणालीस. पोरी, तुझं ते हसणं मी ओळखतो. गणितात नापास झालीस तेव्हाही असंच हसली होतीस. उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं, पण टिल्ली तिथेच, शिलाई मशीनच्या शेजारी कान टवकारून बसली होती. शिवाय मी तिला एक शब्द दिलेला आहे. म्हणून हे पत्र. तुमच्या इस्पितळाच्या गाडीचा ड्रायव्हर उद्या सकाळी पँट न्यायला येणार आहे. पँट तयार आहे, पण पत्र खिशात घातल्याशिवाय ती त्याला मिळायची नाही.

शाळा सुरू होऊन आता सात आठवडे झाले, हे तुला ठाऊकच आहे. पण कशी सुरू झाली, ते तुला मी पुरतं सांगितलेलं नाही. सांगायला लाज वाटत होती. दीड वर्षांनी दारं उघडणार म्हणून मुख्याध्यापिकाबाईंनी जय्यत तयारी केली होती. एका बाकावर एकच मूल, खिडक्या सताड उघड्या, नळाशी साबण, मैदानात खडूने आखलेली चोवीस वर्तुळं, डबा ज्याने त्याने आपापल्या वर्तुळात बसून खायचा. फक्त पहिलीच्या पोरांच्या मास्कचं काय करायचं हे कळेना. बाजारातले मास्क त्यांच्या डोळ्यांपर्यंत जायचे नाहीतर गळ्यात लोंबायचे. बाई दुकानात आल्या आणि म्हणाल्या, गणवेश तुम्हीच शिवता, आता एवढंही तुम्हीच बघा. दीड वर्ष मी मशीनला नुसतं तेल घालत बसलो होतो. माझ्या अंगात तिथेच वारं शिरलं.

साधे मास्क शिवले असते तर मी तुझा बाप कसला? शिल्लक कापडाचं बोचकं सोडलं आणि चोवीस मास्क चोवीस तऱ्हेचे केले. एकाला सशाच्या मिश्या, एकाला वाघाचे पट्टे, एकाला पोपटाची लाल चोच. हत्तीला सोंड शिवली होती, ती तुझ्या आईने उसवायला लावली. पहिल्या दिवशी मी मुद्दाम फाटकाशी उभा राहिलो. काय कौतुक झालं म्हणून सांगू! आया फोटो काढत होत्या, पोरं एकमेकांना बघून खिदळत होती, मास्क नको म्हणून एकही रडलं नाही. मी मान ताठ करून घरी आलो आणि जेवताना तुझ्या आईला तीच गोष्ट तीनदा सांगितली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून बोलावणं आलं. मला वाटलं, सत्कारबित्कार असेल, म्हणून इस्त्रीचा सदरा घालून गेलो. बाईंच्या टेबलावर माझे मास्क एका कागदावर मांडून ठेवले होते, आणि बाई माझ्याकडे अशा बघत होत्या की मलाच पहिलीत बसल्यासारखं वाटलं. झालं होतं असं की पोरांनी मधल्या सुट्टीत अदलाबदली केली होती. वाघ देऊन दोन ससे घेतले होते, पोपटावर एक खोडरबर जास्तीचं. सकाळी मांजर होऊन आलेला मुलगा दुपारी कासव होऊन बाहेर पडला, तेव्हा त्याच्या आईने ते ओळखलं. संसर्ग टळावा म्हणून एवढा खटाटोप, आणि मास्कच एकमेकांच्या तोंडाचे काढून लावलेले! सगळ्यांना नवे मास्क देऊन, हात धुवायला लावून घरी पाठवलं, आणि पुढे आठ दिवस बाई रोज घरोघर फोन करून चौकशी करत होत्या. सुदैवाने कुणाला साधी शिंकही आली नाही. पण बाईंनी मला स्पष्ट सांगितलं की पुन्हा असं झालं तर पहिलीचा वर्ग परत फोनवर. घरी आलो तर तुझी आई म्हणाली, पोरांच्या हातात खेळणी दिलीत आणि वर म्हणता खेळू नका. मी शिल्लक कापडाचं बोचकं बांधून परत फळीवर टाकलं.

मग मी दुसरं टोक गाठलं. गणवेशाच्या निळ्या कापडाचे सगळे एकसारखे शिवले. घ्या, करा आता अदलाबदली! तर वर्गात कोण कोण आहे हेच बाईंना कळेना. दोन मुलं सकाळभर एकमेकांच्या नावाने हजेरी देत बसली आणि त्यात त्यांना भलतीच मजा आली. खाली पडलेला मास्क कुणाचा, हे तर देवालाही सांगता आलं नसतं.

त्या संध्याकाळी मी मशीनसमोर नुसता बसून होतो. एकदम लक्षात आलं, अरे गाढवा, तू चाळीस वर्षं शिंपी आहेस, आणि या पोरांचं माप कुठे घेतलंस? सदरा मापाचा असला की माणूस तो दुसऱ्याला देत नाही. दुसऱ्या दिवशी बाईंची परवानगी घेऊन मैदानात गेलो. पोरं आपापल्या वर्तुळात उभी, मी चार हात लांब. प्रत्येकाला कागदाची एक लांब पट्टी दिली आणि सांगितलं, नाकाच्या दांडीपासून हनुवटीपर्यंत आणि या कानापासून त्या कानापर्यंत आपलं आपण माप घ्या, पेन्सिलीने खूण करा, मागे नाव लिहा. पोरी, ती गंमत तू बघायला हवी होतीस. जन्मात कुणी त्यांच्या नाकाची एवढी दखल घेतली नव्हती. एकाचं नाक सगळ्यांत लांब निघालं, तर तो दिवसभर वर्गात मॉनिटरसारखा फिरला. एकीने हट्टाने कपाळाचंही माप दिलं. मी मापाच्या वहीत चोवीस पानं केली, प्रत्येकाला आपल्या शिवणीच्या दोऱ्याचा रंग निवडू दिला, आणि तीन दिवसांत चोवीस मास्क बेतून दिले. आता कुणी कुणाचा मागत नाही. हा माझ्या मापाचा आहे, तुला होणारच नाही, असं एकमेकांना तोऱ्यात सांगतात. वर्ग सुरळीत चाललाय. परवा बाईंनी मला चहा पाजला, म्हणजे खातं मिटलं.

आता टिल्लीकडे येतो. मापाच्या त्या दिवशी तेवीस मुलांनी वर्तुळात उभं राहून क्षणभर मास्क खाली केला आणि माप घेतलं. ही एकटी नळाच्या भिंतीमागे गेली आणि पट्टीवर खुणा करून घेऊन आली. मला वाटलं, आजोबांसमोर लाजतेय. पण त्याच दिवसापासून ती घरातही मास्क काढेना. जेवायला बसली की भिंतीकडे तोंड. दात घासताना दार बंद. झोपताना पांघरूण नाकापर्यंत. शाळेतही डबा खाताना आपल्या वर्तुळात पाठ फिरवून बसते, असं बाई म्हणाल्या. काही मुलांना भीती बसते, जाईल हळूहळू, अशी त्यांनी समजूत घातली. तुझ्या आईने तिला खूप गोंजारलं, पण पोरगी काही बोलेना. फोनवर तुझ्यासमोर तर मास्कचे दोन्ही बंद हाताने घट्ट धरून बसायची. पोरी, खरं सांगतो, मला मनातून फार लागलं होतं. माझ्या त्या वाघ-सशांमुळे एवढा गोंधळ झाला, बाई सगळ्यांना रागावल्या, त्याचीच धास्ती या लेकराने घेतली, असं मी धरून चाललो होतो. आणि कधी कधी तुझ्यासारखंच मलाही वाटायचं की ही आईवर रुसलीय. जावईबापू जहाजावर, त्यांची सुट्टी अजून चार महिने लांब. तू अकरा आठवडे तिकडे. रुसायला कारण होतंच की. महिनाभर मी हे मनात घेऊन मशीन चालवत होतो.

आणि गेल्या बुधवारी त्याच ड्रायव्हरच्या सदऱ्याला बटण लावत होतो. डब्यात हात घातला, छोटं पांढरं बटण चिमटीत आलं, सुई लावायला गेलो तर भोकंच सापडेनात. चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. बटण नव्हतं ते. दात होता, तांदळापेक्षा थोडा मोठा. डबा उपडा केला तर कागदाच्या पुडीतून निसटलेला तो एक, आणि पुडीत दुसरा. मी मान वर केली तर टिल्ली दारात उभी. तिचे डोळे असे भरून आले की मीच आधी म्हणालो, मी काही बघितलं नाही गं. मग तिने माझ्या गळ्याची शपथ घालून मला गप्प केलं. कुणाला बोलणार नाही, असं माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं, आणि मगच सांगितलं.

तुला आठवतंय का बघ. जायच्या दिवशी तू बॅग भरत होतीस आणि ती पुढचा हलणारा दात जिभेने ढकलत तुझ्या मागे मागे फिरत होती. तिला रडू येऊ नये म्हणून तू म्हणालीस, दात पडला की सगळ्यात आधी मला दाखवायचा हं, आणि फोनवर नाही, मी आले की जवळून. तू बोललीस आणि गाडीत बसलीस. विसरलीही असशील, माणूस घाईत असं बोलतोच. तिने ते धरून ठेवलं. शाळेच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला दात पडला, मागोमाग शेजारचा. तेव्हापासून तिने आजी, आजोबा, बाई, वर्ग, कुणाला म्हणून ते खिंडार बघू दिलेलं नाही. मास्क तिला आयताच सापडला. ती रुसली नाही गं. ती तुझा पहिला नंबर राखून बसलीय. मी अजूनही बघितलेलं नाही. ती हसायला लागली की मी इमानदारीने दोऱ्याच्या रिळाकडे बघतो. तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही, आणि एवढी बातमी तिच्यापासून पोटात ठेवणं काय असतं, ते तुला वेगळं सांगायला नको.

तर आता कात्री. बोलणार नाही, असं मी टिल्लीला कबूल केलं होतं. लिहिणार नाही, असं तिने काही वदवून घेतलं नव्हतं. पुढे कधी पकडला गेलो तर तू माझी बाजू घे. तुझ्या कामाचं मोल मी जाणतो, तुझ्यामुळे कितीतरी लोक आपापल्या पायांनी घरी गेलेत. तुला आमची भीती वाटते तेही कळतं, पण आम्हा दोघा म्हाताऱ्यांचे लशीचे दोन्ही डोस होऊन महिना झाला, तुझे तर कधीच झालेत. हवं तर आधी तपासणी करून ये, खिडक्या उघड्या ठेवू, मी अंगणात झोपेन. पुढचे तीन महिने द्यायचे का, ते तुझं तू ठरव, मी त्यात पडणार नाही. फक्त सोमवारी उत्तर द्यायच्या आधी चार दिवस घरी येऊन जा. आज सकाळी टिल्ली माझ्याजवळ आली, अगदी रडकुंडीला आलेली. कानाशी लागून म्हणाली, आजोबा, तिथे जिभेला काहीतरी टोचतंय. नवीन दात येतोय. आता आई कधी येणार? मी म्हटलं, दात काय, हळूहळू वाढतो. पण मला तिची फसवणूक करायची नाही. तिने पाच आठवडे राखून ठेवलेली फट आता बुजायला लागलीय, आणि ती मला शिवता किंवा उसवता येत नाही. लवकर ये.

तुझाच,
आणि सध्या चोवीस नाकांचा शिंपी,
बाबा