तेलाखालची अंडी

सोमवार, ४ मार्च

लॅबमधल्या नव्या पोरीची, भिंगरीची, अंडी पुढे गेली! सगळीच्या सगळी! सर मायक्रोस्कोपवरून डोळा काढायला तयार नव्हते. "काय हलका हात आहे हिचा!" — सगळ्यांसमोर. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

कारण ती पुढे जायलाच नको होती. उंदराच्या मादीचं अंडं पिकायचं तर आतलं एक प्रोटीन आधी साठावं लागतं आणि मग वेळेवर मोडावं लागतं. मोडलं की अंडं कडेला इवलासा गोळा बाहेर टाकतं — पुढे गेलं, पिकलं! ते प्रोटीन मोडूच न देणारं औषध घातलं तर अंडं तिथेच अडून बसतं. हे माझं काम. पाच वर्षांचं. आणि ही कालची पोर औषध घालूनही गोळे दाखवते!

सर म्हणाले, "शुक्रवारी दोघी मांडा. जिचं पटेल तेच लेखात जाईल." म्हणजे माझी पाच वर्षं हिच्या एका डिशवर!

मंगळवार, ५ मार्च

जळते मी तिच्यावर. लिहूनच टाकते, इथे कोण वाचतंय!

सगळं मीच शिकवलं हिला. पिपेट कशी धरायची, थेंब सुकू नयेत म्हणून वरून तेलाचा थर कसा सोडायचा — सगळं. आणि शिस्त? शून्य. औषधातली अंडी आणि साधी अंडी एकाच इन्क्युबेटरमध्ये, शेजारी शेजारी! मी असं कधी केलं नाही. औषधाचा अंशही लागू नये म्हणून साधी अंडी सगळ्यांच्या इन्क्युबेटरमध्ये, आणि औषधातली माझ्या कोपऱ्यातल्या जुन्या इन्क्युबेटरमध्ये. त्याला कुणाला हात लावू देत नाही.

"ताई, तुमचं फारच काटेकोर असतं बाई!" म्हणाली आणि हसली. हसतेही छान, मेली.

बुधवार, ६ मार्च

आज केस कापून आली. तेही शोभतात.

गुरुवार, ७ मार्च

सापडलं! तेल! हे औषध पाण्यापेक्षा तेलात जास्त विरघळतं. वरच्या थराने थेंबातलं औषध पिऊन टाकलं आणि हिची अंडी खुशाल पिकली! काल दुपारी डोक्यात आलं, लगेच लावून पाहिलं. कोपऱ्यातल्या इन्क्युबेटरमध्ये जागा नव्हती म्हणून डिश सगळ्यांच्यात ठेवल्या. सकाळी बघते तर औषध दोन्हींत सारखंच, पण तेलाखालची पुढे गेलेली, बिनतेलाची (सुकू नयेत म्हणून थेंबाऐवजी डिशभर द्रवात ठेवलेली) अडलेली. औषध न घातलेली तर दोन्हीकडे गेलीच होती.

सांगणार नाही तिला. उद्या सगळ्यांसमोरच कळू दे.

शुक्रवार, ८ मार्च

सकाळी नवरा म्हणाला, "झोपेत हसत होतीस. लॉटरी लागली का?"

लागलीच! तिचं सगळं बोलून होऊ दिलं. मग उठले आणि शांतपणे तेलाचं काढलं. भिंगरीचा चेहरा पांढराफटक! सर म्हणाले, "प्रश्नच मिटला. सोमवारी लेख पाठवू, तुमचंच जाईल." काय गार वाटलं जिवाला!

नंतर सिंकपाशी भेटली. बाटल्या धूत होती. डोळे लाल. पण विचारलं मात्र अगदी नीट, "ताई, तेल तर तुम्हीही घालता ना? मग तुमची अंडी कशाने अडली?"

"माझी पद्धत वेगळी आहे," म्हटलं. काहीही! तोंडाला आलं ते बोलले.

शनिवार, ९ मार्च

पाच वर्षांच्या वह्या काढून बसले. तेल तिचं औषध प्यायलं तर माझंही प्यायलंच असणार. मग पाच वर्षं माझी अंडी अडवत कोण होतं?

साधी अंडी मी कोपऱ्यातल्या त्या इन्क्युबेटरमध्ये एकदाही ठेवली नाहीत. एकदाही! मग औषध अडवत होतं की तो इन्क्युबेटरच, कळणार कसं? वा गं शिस्तीची!

औषध अडवतं हे खरं असेलही. परवाच्या बिनतेलाच्या डिशमध्ये दिसलंच की. पण ती एकच डिश. बाकीच्या पाच वर्षांतलं एक तरी अंडं माझ्या बाजूने उभं राहील का?

रविवार, १० मार्च

"सुट्टीच्या दिवशी कुठे निघालीस?"

"अंडी बघायला."

"घरातली संपलीत, येताना तीही आण."

हसूही आलं नाही. साधी अंडी, औषधाचा थेंब नाही, कोपऱ्यातल्या इन्क्युबेटरमध्ये ठेवून आले. घरातली आणायची राहिली.

सोमवार, ११ मार्च

सगळी अडलेली. एकानेही गोळा टाकला नाही.

सरांचा दोनदा फोन — "लेख पाठवताय ना?" "बघते," म्हटलं आणि ठेवला. तेवढ्यात भिंगरी आली. "ताई, काय बघताय?" डिश झाकायला हात गेलाच होता. मग खुर्ची मागे सरकवली. म्हटलं, "तूच बघ. कोपऱ्यातल्या इन्क्युबेटरमधली आहेत. औषध नाही."

मेलीने एका नजरेत ओळखलं.